शोभेची दारू आणि सीमेवरचा कायदा

नाताळ जवळ आला की बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी बोलणाऱ्या आपल्या घरांतून मुलांचे एकच टुमणे सुरू होते : फटाके कधी आणायचे? कमलनगरच्या माणसाला उदगीरचा बाजार जवळचा, आळंदच्या माणसाला उमरग्याचा. लुगडी, भांडी, सोयरिकी या साऱ्यांसाठी आपण राज्याची सीमा ओलांडतोच; मग फटाक्यांसाठी का ओलांडू नये? शिवाय, ‘इकडे बंदी असली तरी तिकडे सारे चालते,’ असा समजही आपल्यात रूढ आहे. हा समज कितपत खरा, हे आज वाचकांपुढे मांडावे असे आम्हांला वाटते.

मूळ कायदा कोणत्याही एका राज्याचा नाही. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा आणि त्याखालील सध्याचे नियम २००८ सालचे. दोन्ही साऱ्या देशाला लागू आहेत. परवान्यावाचून फटाके विकता येत नाहीत, आणि अठरा वर्षांखालील मुलाला ते विकणे कायद्याला मान्य नाही. सणापुरत्या मांडलेल्या दुकानांची शेड न पेटणाऱ्या साहित्याची हवी, दोन दुकानांत निदान ३ मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत, आणि जवळ उघडा दिवा नको. तेव्हा किराणा दुकानाच्या फळीवर, काडेपेट्यांशेजारी ठेवलेला फटाका उदगीरलाही बेकायदा आणि भालकीलाही.

ही अंतरे कोणाला जाचक वाटतील. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी बेंगळुरूजवळ अत्तिबेले येथे काय घडले ते आठवावे. फटाक्यांचा माल उतरविला जात असता आग लागली आणि दहांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत बहुतेक तमिळनाडूतून मजुरीसाठी आलेले तरुण होते. त्यानंतर कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी राज्यात केवळ हरित फटाक्यांनाच मुभा राहील, आणि लग्ने, गणेशोत्सव व राजकीय मिरवणुकांत फटाके उडविण्यास बंदी राहील, असे जाहीर केले. उदगीरला विकत घेतलेला फटाका भालकीच्या लग्नात उडविला, तर नियम भालकीचाच लागतो. पावती दाखवून सुटका होत नाही.

नाताळाविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले आहे. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालानुसार दिवाळीत रात्री ८ ते १०, आणि नाताळच्या व नववर्षाच्या पूर्वरात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ मोकळी आहे. म्हणजे आपल्या वाट्याला पस्तीस मिनिटे! फटाक्यांच्या लांब माळा आणि बेरियमचे क्षार घातलेले फटाके यांनाही त्याच निकालाने मनाई केली. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतताना पहाटेपर्यंत माळा उडविणे हा आनंद राहिला नसून गुन्हा झाला आहे, हे वडीलधाऱ्यांनी मुलांना समजावून सांगितले पाहिजे.

फटाक्यांची पिशवी घेऊन आगगाडीत बसणे हाही अपराध आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यानुसार त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उदगीरहून बिदरला गाडीने येणाऱ्यांनी हे विसरू नये. गर्दीच्या डब्यात एक ठिणगी पडली, तर कोणाकोणाची घरे उजाड होतील, याचा विचार करावा.

‘हरित’ या शब्दानेही कोणी फसू नये. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या कृतीने केलेल्या या फटाक्यांचा धूर कमी, पण आग तीच. ज्या फुलबाजीला आपण निरुपद्रवी मानून तान्ह्या पोराच्या हाती देतो, तिचे टोक सुमारे हजार अंश तापलेले असते. बेंगळुरूच्या मिंटो नेत्ररुग्णालयात दर दिवाळीला डोळे पोळलेली मुले येतात. त्यांतली कित्येक नुसती बघत उभी असतात. आपल्या बिदरहून ते रुग्णालय सहाशे किलोमीटरांहून दूर आहे.

म्हणून आमची विनंती साधी आहे. परवाना असलेल्या दुकानातूनच, खोक्यावरील हरित फटाक्याचे चिन्ह पाहून, थोडेच घ्यावे. सुती कपडे घालावेत, जवळ पाण्याची बादली ठेवावी, आणि न उडालेल्या फटाक्याकडे कोणी वाकून पाहू नये. त्यावर लांबून पाणी ओतावे. भाजल्यास जागा वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. तूप किंवा शाई लावू नये. डोळ्यास इजा झाली तर तो न चोळता व न दाबता झाकून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आणि कडब्याची गंजी जवळ असेल, गोठ्यात जनावरे बांधलेली असतील, किंवा शेजारी कोणी दम्याने आजारी असेल, तर त्या रात्री पणत्या आणि कागदी चांदणी यांवरच समाधान मानावे. गव्हाणीतील बाळाच्या सणाला एखाद्या घरचे बाळ डोळ्यांना मुकले, तर त्या उजेडाचा आपल्याला काय उपयोग?