हवेंतील पहिली ठिणगी

सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्ह भट्टींत ठेवली असतां काठावर ठिणग्या चमकतात, हें पुष्कळ घरांत पाहिलेलें असेल. दोष बशीला मिळतो व प्रकरण तेथेंच मिटतें. पण वाचकहो, चमकते ती हवा. आणि एरवीं विजेला वाट न देणारी हवा तेथें एकाएकीं फितूर कां होते, हें जाणण्याजोगें आहे.

आरंभीं एक तरी मोकळा इलेक्ट्रॉन लागतो. विश्वकिरण व भूमींतील किरणोत्सर्गी द्रव्यें हवेच्या रेणूंतून असे कण अहर्निश सोडवीत असतात. भट्टींतील विद्युत्क्षेत्र सेकंदास सुमारें २४५ कोटी आंदोलनें करतें. त्या झोक्यावर इलेक्ट्रॉन एकटाच असता, तर जातांना मिळविलेली शक्ति येतांना परत देऊन बसता. मध्येंच रेणूवर आपटून त्याची दिशा बदलते, म्हणूनच शक्ति सांठते. ज्यास आम्ही अडथळा म्हणूं, तोच येथें साहाय्यक! ऑक्सिजनचा रेणु फोडण्यापुरती, म्हणजे सुमारें १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ति सांठली, कीं आघातासरशी दुसरा इलेक्ट्रॉन सुटूं शकतो. एकाचे दोन, दोहोंचे चार.

तरीहि ठिणगी निश्चित नाहीं. ऑक्सिजन मोठा लोभी. मोकळे इलेक्ट्रॉन तो गिळतो, कांहीं विखुरतात. जमा खर्चाहून वरचढ झाली तरच हवा फुटते. 'विद्युत्' शब्दांत 'द्युत्', म्हणजे चमकणें, हा धातु आहे. पण चमक दिसते ती हा हिशेब पुरा झाल्यावर.

नेहमींच्या दाबाच्या हवेंत त्यासाठीं सेंटिमीटरला सुमारें ३०,००० व्होल्ट लागतात. भट्टींतील क्षेत्र त्याहून फारच दुबळें; परंतु धातूच्या पातळ काठाशीं वा कांट्याच्या टोकाशीं तें एकवटतें. धातूवांचूनहि हें घडतें. एकमेकांस टेकलेल्या दोन द्राक्षांमध्यें ज्वाळ कां उठते, याचा उलगडा खट्टक, बियानुची व स्लेपकोव्ह यांनीं कॅनडांत २०१९ सालीं केला. द्राक्षांतील पाण्यामुळें लहर आंखडून जवळजवळ द्राक्षाएवढी होते, आणि तीं टेकतात तेथें क्षेत्र एकवटतें. हा प्रयोग घरीं करूं नये, भट्टी बिघडते.

हवा विरळ असतां दोन आघातांमध्यें इलेक्ट्रॉनास लांब धांव मिळते, म्हणून ती सहज फुटते. अतिविरळ झाली, तर आपटण्यास रेणूच पुरेसे नसतात व ती पुन्हां हट्टी बनते. यामुळें जमिनीवर निर्धोक चालणारी रडारची लहरवाहक नळी उंच उडणाऱ्या विमानांत ठिणगी टाकूं शकते. म्हणून तींत दाबाखालीं कोरडी हवा भरतात, किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायु. इलेक्ट्रॉन गिळण्यांत तो ऑक्सिजनलाहि मागें टाकतो.