सोलर बसवताय? आधी गच्चीवरची सावली बघा

फाल्गुन लागला की वसमत-कळमनुरीकडं शिजवलेली हळद उन्हात पसरलेली दिसते. ऊन किती कडक आहे यावर ती किती दिवसांत खडखडीत वाळेल याचा अंदाज इथल्या बाईमाणसांना अचूक असतो. हिंगोली जिल्ह्याला उन्हाची पारख कुणी शिकवायची गरज नाही. घरावर सोलरच्या प्लेटा बसवायचा विषय निघाला की याच अनुभवावरून एक समज तयार होतो: आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापतं, म्हणजे वीजही सगळ्यात जास्त तेव्हाच तयार होणार.

हळद उष्णतेवर वाळते, प्लेट मात्र उजेडावर चालते. उलट उष्णता तिला त्रासदायक ठरते. प्लेटवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. मे महिन्याच्या दुपारी प्लेटचं स्वतःचं तापमान ६५ अंशांच्या घरात गेलं, तर चौदा टक्क्यांच्या आसपास घट धरावी लागते. दिवस मोठा आणि आभाळ निरभ्र असल्यामुळं उन्हाळ्यात एकूण युनिट चांगलेच पडतात, पण दुपारच्या कडाक्यामुळं नव्हे. प्लेटा स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळायला जागा ठेवावी, त्याचं एक कारण हेच. पावसाळ्यात ढगांमुळं वीज कमी होते, बंद पडत नाही. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा आपल्या भागात धरायला सुरक्षित आकडा आहे.

आता सगळ्यात जास्त मन:स्ताप देणारा गैरसमज. ‘सोलर बसवलं की लाइट जाण्याची चिंता मिटली.’

बहुतेक घरांवर बसतं ते ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं सोलर. लाइट गेली की भर दुपारी, टळटळीत उन्हात तेही बंद पडतं. लोकांना वाटतं, बसवणाऱ्यानं फसवलं. खरं तर ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. डीपीवरचा पुरवठा बंद करून वायरमन खांबावर चढला आणि तुमच्या गच्चीवरून तारेत वीज जात राहिली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून महावितरणच्या तारेत वीज नाही हे कळताक्षणी सोलरचा इन्व्हर्टर स्वतःला थांबवतो. ही सोय कुणी काढून देतो म्हणाला, तर त्याला गच्चीवर चढू देऊ नका.

शेतकऱ्याचा यावर पुढचा प्रश्न रास्त असतो: माझ्या शेतातला सोलर पंप लाइट नसताना चालतो, मग घरचं का नाही? कारण तो पंप महावितरणच्या तारेला जोडलेलाच नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून मिळतो तो संच स्वतंत्र असतो. प्लेटा, कंट्रोलर, मोटर, एवढाच त्याचा संसार. सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के रक्कम भरायची, बाकीची सरकार देतं. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढं साडेसातचा पंप, असा हिशेब. घरच्या सोलरचा मार्ग वेगळा. ते दिवसा जास्तीची वीज महावितरणला देतं आणि रात्री तिथूनच परत घेतं. या देवाणघेवाणीची नोंद नेट मीटर ठेवतो.

लाइट गेल्यावरही पंखे-दिवे हवे असतील, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. अनुदान प्लेटांच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा भार आपल्यावर. घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर माझं मत असं, की तोच चार दिव्यांसाठी राहू द्यावा आणि छतावर साधं ऑन-ग्रिड बसवावं. पैसे वाचतात. मात्र ज्या गावात दिवसा तासन्‌तास लाइट नसते तिथं हा सल्ला लागू नाही. तिथं ऑन-ग्रिडच्या प्लेटा ऊन खात नुसत्या बसून राहतील आणि ते युनिट कुठंच जमा होणार नाहीत.

‘थोडी सावली पडली तर काय बिघडतं?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ठिबकच्या नळीवर एके ठिकाणी पाय पडला तर पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी तुटतं. प्लेटेतले सेलही असेच एकामागं एक ओळीनं जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली आली की ओळीतला प्रवाह आखडतो. प्लेटेच्या पाठीमागच्या डब्यात बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग बाजूला काढून बाकीचं काम चालू ठेवतात. पण तेवढ्यानं प्लेटेचा तिसरा हिस्सा हातचा जातो.

आणि सावली ऋतूप्रमाणं जागा बदलते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हिंगोलीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत कुणी गच्ची बघायला आला तर पाण्याच्या टाकीची सावली त्याला दिसणारच नाही. तीच गच्ची डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बघा. दुपारी बारालासुद्धा सूर्य ४७ अंशांवरच असतो. पाच फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडं पावणेपाच फूट पडते आणि सकाळी नऊच्या सुमारास वायव्येकडं नऊ फुटांच्याही पुढं जाते. म्हणून खडू घेऊन हिवाळ्यात एक दिवस गच्चीवर जावं. सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी चार. टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या लिंबाची सावली आखून घ्यावी. खडूच्या रेघांबाहेर जी मोकळी जागा उरेल ती आपली. टाकीच्या दक्षिणेला प्लेटा आल्या तर दुपारची सावली त्यांना शिवत नाही. तोंड दक्षिणेला आणि कल साधारण वीस अंशांचा ठेवावा. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा धरावी.

घरातली बाई विचारते, मग कुरडया-पापड कुठं घालायचे? हा प्रश्न बसवणारे कानाआड करतात. तो आधी विचारला पाहिजे. गच्ची लहान असेल तर प्लेटांचा सांगाडा सात-आठ फूट उंच घेता येतो. खालून माणूस ताठ चालतो, पण वाळवणाला ऊन लागतं, म्हणून थोडा भाग उघडा सोडायला सांगावं. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागतं आणि वळवाच्या वाऱ्याचा जोरही जास्त बसतो. तिथं काटकसर नको.

गारांची भीतीही खोटी नाही. अवकाळी गारपीट आपण पाहिलेली आहे. प्रमाणित प्लेटेची काच टणक केलेली असते. २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगानं मारून तिची चाचणी होते. त्याहून मोठी गार काच फोडू शकते, त्यासाठी घराच्या विम्यात सोलरची नोंद करून घ्यावी. वीज पडण्यासाठी तडितरोधक आणि वेगवेगळे अर्थिंग हवेतच.

पैशाकडं वळू. ‘फुकट वीज’ हे शब्द योजनेच्या नावातच आहेत, त्यामुळं गोंधळ होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. पाच किलोवॅट बसवलं तरी अनुदान ७८ हजारच. आणि ही रक्कम काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर खात्यात येते. आधी पैसे आपण उभे करायचे, नाहीतर बँकेचं कर्ज काढायचं. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलच्याच प्लेटा लागतात. स्वस्त म्हणून दुसऱ्या घेतल्या तर अनुदान गेलं.

किती किलोवॅट घ्यायचं हे विक्रेत्याच्या कागदावरून ठरवू नये. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षभराचे आकडे मांडा. महिन्याला सरासरी दोनशे युनिट जात असतील तर दोन किलोवॅट पुरतं, कारण ते महिन्याला दोनशे चाळीसच्या आसपास देतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण मार्चअखेर जे शिल्लक राहतात त्यांचा मोबदला घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दरानं मिळतो. विजेचा धंदा करू म्हणून मोठं सोलर बसवण्यात अर्थ नाही. बिल पूर्ण शून्यावरही येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. शंभर युनिटांच्या पुढं दर एकदम चढतो, त्यामुळं अडीचशे युनिट वापरणाऱ्याचे पैसे लवकर फिटतात, सत्तर युनिट वापरणाऱ्याचे उशिरा.

दुकान, पिठाची गिरणी, डाळमिल यांना हे केंद्राचं अनुदान नाही. तरी माझ्या मते सोलरचा खरा मेळ त्यांच्याशीच बसतो, कारण त्यांची मोटर दिवसा फिरते आणि तयार झालेली वीज जागच्या जागी खपते. आयकरात सोलर संचावर ४० टक्के घसारा मिळतो, तो हिशेबनिसाला विचारून घ्यावा.

शेवटी, सुरुवात कुठून करायची? बिल हातात घ्या आणि सगळ्यात वरचं नाव वाचा. आपल्याकडं कितीतरी बिलं अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतात, घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वडिलांच्या नावे असतं आणि बँक खातं मुलाचं. अनुदानाचा अर्ज इथंच अडकतो. तेव्हा आधी महावितरणकडं नावबदलाचा अर्ज करा, थकबाकी असेल तर भरा. मग सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, तिथल्याच यादीतून दोन-तीन विक्रेत्यांचे लेखी दर, आणि त्या दरपत्रकात प्लेटेची व इन्व्हर्टरची हमी वेगवेगळी लिहून घ्यायची. प्लेट पंचवीस वर्षं चालते, इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो. पहिली पाच वर्षं देखभाल विक्रेत्याकडं असते. धूळ मात्र आपणच पुसायची: सकाळी प्लेट गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर पांढरे डाग बसतात, म्हणून पावसाचं किंवा नळाचं पाणी एका बादलीत वेगळं ठेवावं.