कॉल सेंटरमधील दिव्यांग कर्मचारी आणि 'वाजवी सोय'

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील 'वाजवी सोय' म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत यासाठी, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेले आवश्यक फेरबदल. आणि अशी सोय नाकारणे हा कायदा भेदभावच मानतो. कॉल सेंटरमध्ये अडचण बहुधा वेळेच्या मोजमापात असते. दृष्टिहीन कर्मचारी एका कानाने ग्राहकाचे बोलणे आणि दुसऱ्या कानाने स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आवाज ऐकत असतो. ग्राहकनोंदीच्या पडद्यावरील बटणे त्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नसतील, तर कॉल लांबतो तो यंत्रणेच्या उणिवेमुळे, आणि तरीही कर्मचाऱ्याचे गुण कापणे हा उघड अन्याय आहे. म्हणून मागणी लेखी करताना आजाराच्या तपशिलापेक्षा कामातील नेमका अडथळा आणि हवा असलेला बदल, मग तो कॉल-वेळेच्या निकषात सूट असो, ठरावीक पाळी असो वा जादा विश्रांती, स्पष्ट नोंदवणे अधिक उपयोगी ठरते. २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात सहायक उपकरणांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. तेथे दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.