सई परांजपे यांचे दूरचित्रवाणी-नाट्य : एका अलिखित दालनाचा विचार

हिंदी प्रदेशात राहून हिंदीत लेखन करणाऱ्या मराठी भाषकांचा विचार काशीत सुरू झाला की प्रथम बाबूराव विष्णू पराडकर यांचे नाव घेतले जाते. १८८३ मध्ये काशीतच जन्मलेल्या या मराठी माणसाने ‘आज’ या दैनिकाच्या संपादकपदावरून हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण लावले. हिंदीत रुळलेल्या अनेक शब्दांचे श्रेयही त्यांना दिले जाते. मराठी घरात वाढलेली भाषिक जाण हिंदीच्या कामी येण्याची ही परंपरा छापील माध्यमापुरती मर्यादित राहिली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचली. या टप्प्यावरील सर्वांत ठळक नाव सई परांजपे यांचे आहे. चित्रपट-दिग्दर्शिका म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या चित्रपटांच्या आधी दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी जे नाट्यलेखन आणि जी नाट्यनिर्मिती केली, तिची नोंद वाङ्मयेतिहासात जवळपास नाही. ही उणीव एका लेखिकेपुरती नाही. ‘दूरचित्रवाणी-नाट्य’ या प्रकाराकडे अभ्यासकांनी साहित्य म्हणून पाहिलेच नाही, हे तिचे खरे कारण आहे.

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे झाला. त्यांचे आजोबा रँग्लर र. पु. परांजपे हे त्या सुमारास लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. आई शकुंतला परांजपे या संततिनियमनाच्या कार्यात र. धों. कर्वे यांच्या सहकारी, मराठीतील लेखिका आणि नंतर राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९३७ मध्ये मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून निघालेल्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली होती. वडील रशियन होते. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त असताना सईंच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकाच वेळी अनेक भाषा कानावर पडणे आणि त्यांतील एका भाषेत लवकर लिहू लागणे, या दोन्ही गोष्टींचा त्यांच्या पुढील संवादलेखनाशी निकटचा संबंध आहे.

या लेखनाची पहिली शाळा म्हणजे आकाशवाणीचे पुणे केंद्र. तेथे त्यांनी निवेदिका म्हणून काम केले आणि मुलांचे कार्यक्रम सांभाळले. नभोनाट्यात पात्राचे वय, स्वभाव, दोन व्यक्तींमधील अंतर, किंबहुना खोलीचा आकारसुद्धा केवळ शब्द आणि ध्वनी यांतून उभा करावा लागतो. बालश्रोता तर कंटाळा लपवीत नाही. त्यामुळे वाक्य आटोपशीर ठेवणे आणि प्रसंग लवकर रंगात आणणे ही शिस्त येथे अंगवळणी पडते. दुसरी शाळा म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. इब्राहिम अल्काझी यांच्या कार्यकाळात, १९६३ मध्ये, त्या तेथून पदवीधर झाल्या. पुण्यात कान तयार झाला आणि दिल्लीत रंगावकाशाची जाण आली, असे या दोन टप्प्यांविषयी म्हणता येईल.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला आणि १९६५ मध्ये तेथे दैनंदिन प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतरच्या काळात सई परांजपे दिल्ली केंद्रावर निर्मात्या म्हणून काम करू लागल्या. येथे ‘निर्माता’ या संज्ञेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. चित्रपटव्यवसायात निर्माता म्हणजे भांडवल उभारणारी व्यक्ती. त्या काळच्या दूरदर्शनमध्ये निर्माता हा केंद्राचा कर्मचारी असे. विषय निवडणे, संहिता लिहिणे वा लिहवून घेणे, नटसंच जमविणे, तालमी घेणे, कॅमेऱ्यांच्या जागा ठरविणे आणि ठरलेल्या वेळी कार्यक्रम पडद्यावर नेणे ही सर्व कामे त्याच्या कक्षेत येत. पैसा सरकारचा असे, पण कलाविषयक जबाबदारी एकाच व्यक्तीच्या शिरावर असे. म्हणूनच या काळातील दूरचित्रवाणी-नाट्याला एका कर्त्याची मुद्रा लाभू शकली.

या नाट्याची घडण तत्कालीन तंत्राने निश्चित केली होती. कार्यक्रम बहुतांशी स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. चुकलेले वाक्य पुन्हा घेण्याची सोय नसे. नेपथ्य एक-दोन खोल्यांपुरते असे. गर्दी, प्रवास, मोठी स्थळे यांना वाव नसे. पडदा लहान आणि कृष्णधवल असल्याने चेहऱ्याचे निकटदृश्य हेच प्रभावी साधन ठरे. रंगभूमीवरचा चढा स्वर येथे खोटा वाटे, तर चित्रपटातील घटनाबहुलता परवडत नसे. उरत असे ती मोजकी पात्रे, एक बंदिस्त जागा आणि त्यांच्यातील बोलणे. एकांकिकेच्या समृद्ध परंपरेत वाढलेल्या मराठी लेखकाला ही मर्यादा परकी नव्हती. सई परांजपे यांनी ती अडचण न मानता रचनातत्त्व म्हणून स्वीकारली, हे त्यांच्या उपलब्ध कृतींवरून स्पष्ट दिसते.

‘उपलब्ध’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. थेट प्रक्षेपित झालेले नाटक त्या संध्याकाळीच संपत असे. पुढे ध्वनिचित्रफिती आल्या, पण त्या महाग असल्याने एकाच फितीवर पुन्हा नवे मुद्रण करण्याची प्रथा होती. १९७२ मधील ‘द लिटल टी शॉप’ या त्यांच्या दूरचित्रवाणीपटाला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपण संघटनेचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारामुळे या कृतीचे नाव तरी टिकले. इतर कितीतरी कृतींना तेवढेही भाग्य लाभले नाही. अशा स्थितीत या दालनाचा अभ्यास करण्याचा एक मार्ग उरतो : त्यांतील ज्या कृतींचे पुढे चित्रपटांत रूपांतर झाले, त्या चित्रपटांतून मूळ नाट्याची घडण शोधणे.

‘रैना बीती जाए’ आणि ‘धुआँ धुआँ’ ही दूरदर्शनसाठी केलेली दोन कामे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिल्यातून १९८० चा ‘स्पर्श’ आणि दुसऱ्यातून १९८१ चा ‘चश्मे बद्दूर’ हे चित्रपट साकारले. ‘चश्मे बद्दूर’मध्ये दिल्लीतील एका भाड्याच्या खोलीत राहणारे तीन मित्र आहेत. एकच सिगारेट तिघांत फिरते आणि पानवाल्याची उधारी वाढत जाते. नायिका दारावर येते ती धुण्याच्या पावडरीचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी. खोली, दार, कोपऱ्यावरचे दुकान एवढ्याच जागांत कथानकाचा मोठा भाग घडतो. दोघा मित्रांनी रचलेल्या प्रेमविजयाच्या थापा मात्र चित्रपटी थाटात दाखविल्या जातात. खोटे बोलताना पात्रे सिनेमात शिरतात आणि खरे जगताना खोलीत परततात. लोकप्रिय हिंदी चित्रपटाची ही थट्टा लहान पडद्याच्या मोजमापात घडलेल्या लेखिकेलाच सहज सुचावी, अशी आहे.

‘स्पर्श’मध्ये हीच मितभाषी रीत गंभीर आशयासाठी वापरलेली आहे. अंध मुलांच्या शाळेचे अंध प्राचार्य अनिरुद्ध आणि शाळेत शिकवू लागलेली विधवा कविता यांची ही कथा आहे. अनिरुद्धला न मागता दिलेली मदत खुपते. कविता आपल्यावर प्रेम करते की स्वतःच्या दुःखावर उतारा म्हणून त्याग करू पाहते, या संशयाने तो ठरलेला विवाह मोडतो. संघर्षाला बाहेरचा खलनायक नाही; तो ‘मदत’ आणि ‘दया’ यांतील सूक्ष्म भेदावर उभा आहे. असा भेद संवादांतील विराम, आवाजातील किंचित कठोरता आणि चेहऱ्यावरील हलका बदल यांतूनच व्यक्त होऊ शकतो. ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सई परांजपे यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार पटकथेचा होता, ही बाब येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. ज्या लेखणीचा हा गौरव होता, ती दूरदर्शनच्या स्टुडिओत घडली होती.

मराठी रंगभूमीशी असलेले त्यांचे नाते या काळात तुटले नाही. ‘कथा’ हा १९८३ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारित आहे. ‘सख्खे शेजारी’, ‘जास्वंदी’, ‘माझा खेळ मांडू दे’ ही त्यांची मराठी नाटके प्रसिद्ध आहेत. ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि ‘छोटे बडे’ (१९८५) या हिंदी मालिका त्यांनी दूरदर्शनसाठी केल्या. चाळ, जिना, समोरचे दार आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारे बोलणे हा मराठी मध्यमवर्गीय शेजार त्यांच्या हिंदी लेखनात भाषा बदलून नांदतो. शब्द हिंदी असले तरी नर्मविनोदाची जात मराठी आहे.

याच सुमारास माध्यमाचे अर्थकारण बदलले. ७ जुलै १९८४ रोजी मनोहर श्याम जोशी लिखित ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे पर्व अवतरले. निर्माता केंद्राबाहेरचा, भांडवल उभारणारा झाला. कथेला शेवटाकडे नेण्यापेक्षा ती चालू ठेवण्याला महत्त्व आले. एका बैठकीत पूर्ण होणारे, आरंभ-मध्य-अंत असलेले नाट्य हळूहळू मागे पडले. सई परांजपे यांच्या नाट्यप्रकृतीला सोयीचा होता तो हा मागे पडलेला प्रकार.

त्यांच्या लेखनावर एक आक्षेप घेता येतो. त्यांचे जग सुशिक्षित, सौम्य आणि बव्हंशी नागर आहे. तेथील पेच समजुतीने सुटतात आणि सामाजिक विषमतेची धार बोथट होते. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र गिरणीकामगारांचे जीवन मांडणारा ‘दिशा’ (१९९०) आणि महाराष्ट्रातील खेड्यातील स्त्रियांच्या दारूबंदी आंदोलनावरील ‘चूडियाँ’ यांचा विचार केला, तर या जगाची सीमा त्यांनी स्वतःच ओलांडल्याचे आढळते. तेथेही मोठ्या प्रश्नाला त्या एका खोलीतून, एका घरातील बोलण्यातून भिडतात.

२००६ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २०१६ मध्ये ‘सय : माझा कलाप्रवास’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. नष्ट झालेल्या दूरचित्रवाणी-नाट्याच्या अभ्यासकाला हे पुस्तक दुय्यम परंतु अपरिहार्य साधन आहे. त्याला समांतर असे हस्तलिखित संहितांचे, तालीमप्रतींचे आणि त्या काळच्या नट-तंत्रज्ञांच्या आठवणींचे संकलन व्हावयास हवे. पराडकरांचे अग्रलेख ‘आज’च्या जुन्या अंकांत शोधता येतात, कारण वृत्तपत्राची संचिका जपण्याची रीत होती. दिल्लीतील स्टुडिओत लिहिल्या गेलेल्या नाट्याला अशी संचिका लाभली नाही. जे कागद अद्याप कोणाच्या कपाटात असतील, ते मिळविण्याची संधी काळाबरोबर कमी होत आहे. आणि त्यांच्यावाचून मराठी लेखणीने हिंदीत केलेल्या कार्याचा इतिहास छापील पानापाशीच थांबेल.