खांबांवर उभा वाडा

बदलापूर पूर्वेच्या खरवईतून चंदेरीच्या डोंगराकडे निघालं, की या पट्ट्यातल्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरचं जुनं घर कसं उभं राहतं ते नीट पाहावं. आधी जमिनीत मेढी रोवायच्या, त्यांवर आडवी लाकडं बसवायची, छप्पर चढवायचं. कारवीचा कूड आणि त्यावरचा शेणमातीचा गिलावा नंतर. कूड ऊन-वारा अडवतो, ओझं मात्र मेढीच पेलतात.

इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं सोळाव्या शतकातलं लिटल मोर्टन हॉल हे मोठं घरही याच विचाराने बांधलेलं आहे. तिथे ओकचा सांगाडा आणि चौकटींत डहाळ्या-मातीचा कूड. वर मागाहून चढवलेल्या लांब दालनाच्या भाराने खालचं लाकूड वाकलं, तरी घर उभं आहे.

आपल्याकडे या विद्येचं वैभव पेशवाईतल्या वाड्यांत दिसतं. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधवला, तो 1807 साली पुरा झाला. रस्त्यावरून जाणारे त्याच्या कोरीव सज्जाकडे आणि सुरूच्या घाटाच्या खांबांकडे पाहतात, आणि ते आहेतही पाहण्यासारखेच. पण माझी नजर खांबाच्या पायाशी जाते. सागाचा खांब जमिनीला टेकतच नाही. खाली घडीव दगडाचा तळखडा असतो, त्याच्या खाचेत खांबाची कूस बसते. ओल आणि वाळवी दगडापाशीच थांबतात. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. या कडीपाटावर माती घालून वरची जमीन. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांत. विटा येतात त्या खांब उभे राहिल्यावर, मधली जागा भरायला.

या बांधणीचा वैरी अग्नी. शनिवारवाडा 1732 साली राहता झाला; 1828च्या आगीत त्याचे लाकडी मजले गेले. आज तिथे भक्कम तट आणि ओळीने जोती दिसतात ती म्हणूनच: जळण्यासारखं होतं ते सगळं जळालं. विश्रामबागवाड्यालाही 1879 साली आग लागली, पण तो वाचला. 1821 साली त्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, पुढे पालिकेची कचेरीही आली. माणसांचा वावर राहिला म्हणून डागडुजी होत राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

भूकंपात मात्र लाकूडच कामी येतं. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारी परिसरात जाड दगडी भिंती ढासळल्या आणि अनेक घरांत आतले लाकडी खांब तसेच उभे राहिले. सांधे थोडे हलतात, धक्का जिरवतात. मातीत रचलेल्या दगडांना ते जमत नाही.

म्हणून जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा होताना पाहिलं की जीव तुटतो. आतली ओल कोंडते आणि भिंतीतला खांब कुणाला न दिसता कुजतो. जाणता सुतार कुजलेला बुंधा तेवढा कापतो, खांबाला टेकू देतो आणि जुन्या सागाचा तुकडा खाच मारून जोडतो. तसा मुरलेला साग आता मिळतो तो बहुतेक पाडलेल्या वाड्यांच्याच लाकडातून, आणि त्यासाठी त्याला फर्निचरवाल्यांशी भाव करावा लागतो.