दाबू नका, टेकवा

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचं काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. तेव्हाचे महसूलमंत्री बाळासाहेब थोरात संगमनेरचे, पुढे २०२२ मध्ये ते खातं मिळालेले राधाकृष्ण विखे पाटील लोणीचे. म्हणजे योजनेचा कारभार बराच काळ नगरकरांच्याच हाती होता. बांधावर उभं राहून गट नंबर टाकणारा हात मात्र कांद्याच्या वाफ्यातून नाहीतर उसाच्या पाचटातून थेट आलेला. तो काचेवर चालला नाही की घरात एकच निदान होतं, ‘आपल्याला टचचा मोबाईल जमत नाही.’ नातू हसतो, आजोबा मोबाईल खाली ठेवतात आणि पुन्हा बटणांच्या मोबाईलकडे वळतात. यात आजोबांच्या अकलेचा काहीही संबंध नाही.

पहिला गैरसमज जोराचा. टच घेत नाही म्हटलं की माणूस बोट दाबतो, तरी घेत नाही म्हटलं की अंगठा रोवतो. पण आजच्या मोबाईलच्या काचेला दाब कळत नाही. (दाब ओळखणारे काही मोबाईल मध्यंतरी आले होते, ते टिकले नाहीत.) काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पारदर्शक, वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाची उभी-आडवी जाळी असते. आपल्या अंगात पाणी आणि क्षार असल्यामुळे शरीरातूनही वीज वाहते. त्यामुळे बोट टेकताच जाळीच्या त्या चौकातला विद्युतभार किंचित बदलतो. मोबाईलमधली चिप सेकंदाला साठेक वेळा, नव्या मोबाईलमध्ये त्याहूनही जास्त वेळा, ही जाळी तपासते आणि बदल कुठे झाला ते हेरते. म्हणून नखाने कितीही टकटक केली तरी काही होत नाही. केळं हातात धरून त्याचं टोक फिरवलं तर मात्र मोबाईल मुकाट ऐकतो. करून बघा, पोरांना गंमत वाटेल.

दाबायची सवय उगाच लागलेली नाही. जुन्या एटीएमचे, काही बिलिंग मशीनचे आणि प्लास्टिकच्या काडीने वापरायच्या सुरुवातीच्या मोबाईलचे पडदे दोन थरांचे असत. वरचा थर दबून खालच्याला टेकला की काम व्हायचं, तिथे जोर लावणं बरोबरच होतं. बोटाच्या स्पर्शाने विद्युतभार बदलणाऱ्या पडद्याची कल्पनाही जुनी आहे. इंग्लंडमधल्या रडार संशोधन संस्थेत इ. ए. जॉन्सन यांनी ती १९६५ मध्ये मांडली होती, विमान वाहतुकीच्या नियंत्रणासाठी. २००७ च्या आयफोननंतर असे पडदे घरोघरी पोचले.

तरीही दाबल्यावर कधीकधी काम होतं, ते का? दाबलं की बोटाचा गर पसरतो, काचेला जास्त जागा टेकते आणि खूण स्पष्ट मिळते. पण दाबणारं बोट काचेवर रेंगाळतंही, आणि रेंगाळलेल्या बोटाचा अर्थ मोबाईल वेगळा लावतो. मग नको तो मेनू उघडतो, आयकॉन जागचा हलतो, आणि ‘व्हॉट्सॲप उडालं’ अशी बोंब होते. ॲप उडालेलं नसतं, स्क्रीनवरून त्याचं चिन्ह तेवढं हललेलं असतं. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ‘टच अँड होल्ड डिले’ मिळतो. तो वाढवून ठेवला तर जड हाताच्या माणसाचे निम्मे त्रास तिथेच मिटतात. मोबाईल घेऊन देणारी मुलं हे सोडून बाकी सगळं करून देतात.

दुसरी गोष्ट घट्ट्यांची, आणि आपल्या जिल्ह्यात ती सगळ्यांत महत्त्वाची. पाथर्डी, जामखेडच्या ऊसतोड मजुराचा हात घ्या नाहीतर पारनेरच्या कांदा उत्पादकाचा. घट्ट्यावरची कातडी जाड, कोरडी आणि निर्जीव असते. तिच्यातून वीज नीट जात नाही, आणि आतला ओलसर भाग काचेपासून लांब राहतो. हात सराईत असो वा नसो, चिपपर्यंत खूणच पोचत नाही. त्यात वर जाड टेम्पर्ड ग्लास, तिच्याखाली धूळ आणि हवेचे फुगे. उपाय साधे आहेत. बोट किंचित ओलसर करा, घट्टा नसलेली बाजू किंवा करंगळी वापरा, ग्लास पातळ घ्या. बऱ्याच मोबाईलमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय असते. ती हातमोजे आणि जाड ग्लास लक्षात घेऊन दिलेली असली तरी घट्ट्यांनाही चालते.

याच हाताचा रेशन दुकानात थम लागत नाही, तेव्हा लोक दोन्ही तक्रारी एकत्र करतात. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. थमच्या मशीनला बोटावरच्या रेघा वाचायच्या असतात. खुरपं, कोयता, चुना, सिमेंट यांनी त्या झिजतात. पडद्याला रेघांशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे एखाद्याचा मोबाईल सुरळीत चालेल आणि थम नेमका नापास होईल, किंवा उलटही होईल. आधार पडताळणीत बुबुळाचा आणि ओटीपीचा पर्याय आहे. ‘थम नाही तर धान्य नाही’ असं कोणी म्हणालं तर हे पर्याय विचारायला लाजू नका.

अकोले तालुक्यात तक्रार नेमकी उलटी. भंडारदरा, रतनवाडीच्या पावसात भाताची लावणी चालू असताना मोबाईल काढला की तो न सांगताच नंबर लावतो. पाण्याचा थेंब वीज वाहतो, आणि पसरलेला थेंब चिपला बोटासारखाच वाटतो. मोबाईल बिघडलेला नसतो. काच पुसा. पावसात तो पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घालून, पिशवीवरूनच बोट फिरवलं तरी चालतं, कारण विद्युतभारातला बदल इतक्या पातळ प्लास्टिकच्या आरपार कळतो.

भिजलेला मोबाईल तांदळात पुरून ठेवायचा उपाय मात्र सोडा. खुद्द ॲपलने २०२४ मध्ये सांगितलं की तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. मोबाईल बंद करा, चार्जिंगचं भोक खाली धरून हलकेच झटका आणि मोकळ्या हवेत ठेवा.

आता भुताटकी. चार्जिंगला लावला की स्क्रीन आपोआप वरखाली होते, भलतंच ॲप उघडतं. ‘कोणीतरी हॅक केलाय’ हा निष्कर्ष पारावर फार लवकर निघतो. बहुतेकदा दोष स्वस्तातल्या चार्जरचा असतो. त्यातून येणारा विजेचा गोंगाट त्या जाळीत शिरतो, आणि बोट कुठलं नि गोंगाट कुठला हे चिपला वेगळं काढता येत नाही. पिन उपसा. चाळे थांबले तर चार्जर बदला, मोबाईल नाही.

पिन काढूनही थांबत नसेल तर मोबाईल टेबलावर पालथा ठेवून मागची बाजू बघा. बॅटरी फुगून पडद्याला आतून रेटत असेल तर मधोमध उंचवटा दिसतो. नगरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात दुचाकीच्या हँडलला लावून ठेवलेल्या मोबाईलच्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही, आतल्या लिथियमचा भडका उडू शकतो. असा मोबाईल पुन्हा चार्जिंगला न लावता बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. पडदा बहुधा शाबूत असतो, त्यामुळे आधी फक्त बॅटरीची किंमत विचारा. ‘पूर्ण कॉम्बो (काचेसह अख्खा पडदा) बदलावा लागेल’ असं ऐकू आलं तर पुढच्या दुकानातही एकदा विचारून घ्या.