दगडाचं वय सांगणारी धूळ

दगडावर तारीख छापलेली नसते. मग भूवैज्ञानिक त्याचं वय ठरवतात कसं?

एक मार्ग म्हणजे बीजाणू. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसतात ना, त्यांत हे बारीक कण असतात. वाऱ्याने उडतात, तळ्यात पडतात, गाळात गाडले जातात. त्यांचं कवच इतकं चिवट, की प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लात दगड विरघळतो, पण बीजाणू उरतो! प्रत्येक काळातल्या वनस्पती वेगळ्या, म्हणून बीजाणूंचा संचही वेगळा. थोडक्यात, ही निसर्गाची लॉग फाइल. फक्त इथे जुनी नोंद तळाशी असते.

पण लॉगमध्ये चुकीची नोंद घुसली तर?

गुलाबी 'हिमालयन' मीठ माहितीये? ते येतं खेवड्याच्या खाणीतून, म्हणजे आताच्या पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेतून. १९४०च्या दशकात या मिठाच्या वयावरून मोठा वाद झाला. मिठाच्या वर कॅम्ब्रियन काळातले, ५० कोटी वर्षांहून जुने थर आहेत. म्हणजे मीठ त्याहूनही जुनं असायला हवं. पण पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींना मिठाच्या नमुन्यांत लाकडाचे सूक्ष्म तुकडे सापडले. कॅम्ब्रियनमध्ये तर जमिनीवर झाडंच नव्हती! त्यामुळे साहनी म्हणाले, मीठ इओसीन काळातलं, म्हणजे फार तर सुमारे साडेपाच कोटी वर्षांचं. जमिनीच्या हालचालींमुळे जुने थर त्याच्यावर सरकले असतील.

तर्क चोख होता. तरी आज हे मीठ जुनंच मानलं जातं. मग लाकूड आलं कुठून? बहुतेक नंतर शिरलं असावं. मीठ पाण्यात विरघळतं, पुन्हा घट्ट होतं, आणि त्यात बाहेरचा कचरा अडकू शकतो.

म्हणून आज नुसता बीजाणू सापडून भागत नाही. नमुना भेगेजवळचा नाही ना, कवचाचा रंग आजूबाजूच्या कणांशी जुळतो का, शेजारचे थर काय सांगतात, हे सगळं बघावं लागतं. कण खरा असतो हो. पण तो त्याच थरातला आहे का, हा खरा प्रश्न.

साहनींनी लखनौला उभारलेल्या संस्थेत आजही असे कण तपासले जातात. तेव्हा पुढच्या वेळी गुलाबी मीठ भुरभुरवताना हा वाद आठवा. भेटू पुढच्या भागात!